मुका कॅमेरा

आमच्या घरी हिवाळ्याची सुरुवात बंबातल्या पाण्यावरच्या भांडणाने व्हायची. अण्णांची डार्करूम म्हणजे आमची मोरी. खिडकीला काळं कापड, दाराच्या फटीला जुनी गोधडी आणि नळाशेजारच्या फळीवर तीन ट्रे. थंडी वाढली की ट्रेमधलं औषध गारठायचं, फोटो उमटायला वेळ लागायचा. मग अण्णा बंबातलं कढत पाणी तांब्याने नेऊन ट्रेखालच्या परातीत ओतायचे. आई म्हणायची, "घरातली माणसं गार पाण्याने अंघोळ करतील, पण परक्यांच्या नवरा-नवरीला ऊन पाणी हवं." अण्णा आतून म्हणायचे, "दार उघडू नको." बस, एवढंच उत्तर. आईला सगळ्या संसारात मिळालेली निम्मी उत्तरं त्या बंद दारामागूनच आली असतील. परात तीच, जिच्यात एरवी पीठ मळलं जाई. त्यावरून वेगळं भांडण होतं आणि ते बारमाही होतं. आमच्या कपड्यांना, गाद्यांना, मला तर वाटतं पोळ्यांनासुद्धा औषधाचा आंबूस वास असायचा. शाळेत मैत्रिणी मला त्या औषधाच्याच नावाने 'हायपो' म्हणत आणि मला त्याचा राग येण्याऐवजी थोडा तोराच वाटायचा.

दुकान मेनरोडला फुटणाऱ्या एका गल्लीत होतं. पुढे काचेचं काउंटर, मागे रंगवलेला पडदा, त्यावर एक तळं आणि तळ्यात दोन हंस. हंसांच्या माना रंगाऱ्याला जमल्या नव्हत्या. त्या पडद्यापुढे नाशकातली किती लग्नाळू मुलं-मुली अवघडून उभी राहिली याचा हिशेब नाही. पण पौष लागला की दुकान ओस पडायचं. पौषात लग्नं नसतात, मुंजी नसतात, कोणी मुलगी दाखवायचे फोटोही काढत नाही. फोटोवाल्यांचा तो भाकड महिना. बाकीचे दुकानदार त्या दिवसांत काउंटरवर हनुवटी टेकून बसत. अण्णा मात्र वर्षभर त्याच महिन्याची वाट पाहत. त्यांनी मुंबईच्या कोणा वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरकडून एक जुनी लांब लेन्स मिळवली होती. लग्नात तिचा काडीचा उपयोग नव्हता. ती होती नांदूरमध्यमेश्वरसाठी. तिथे जुन्या बंधाऱ्यामागे गंगा पसरते (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) आणि हिवाळ्यात तिथे कुठून कुठून पाखरं उतरतात. अण्णांना पाखरांची शास्त्रीय नावं ठाऊक नव्हती, ती कुठल्या देशातून येतात याचीही फारशी पर्वा नव्हती. ते म्हणायचे, "बेबी, ही गिऱ्हाइकं 'माझा चेहरा असा का आला' म्हणून भांडत नाहीत." मी त्यांची एकुलती एक. लेन्स धरायला, रोल बदलायला आणि गप्प बसायला ते मला बरोबर न्यायचे. सोळाव्या वर्षी गप्प बसणं शिकलेली दुसरी मुलगी आमच्या आळीत नव्हती.

पहाटेची पहिली एसटी, निफाडला उतरायचं. निफाडची थंडी ज्याने खाल्ली नाही त्याला थंडी कळलीच नाही असं मी आजही म्हणते आणि माझा मुलगा आजही त्यावर हसतो. द्राक्षबागांतून शेकोट्या पेटलेल्या असत, वेलींना ऊब मिळावी म्हणून. माणसांनी नुसतं लांबून बघायचं. उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असे, बैलांच्या घुंगरांचा आवाज आणि मळीचा गोडूस घाण वास धुक्यात मिसळून येई. पुढे मिळेल त्या टेम्पोत किंवा ट्रॅक्टरवर बसून बंधाऱ्यापर्यंत जायचं. पाणी दिसायच्या आधी ऐकू यायचं. म्हणजे पाणी नव्हे, पाण्यावरची ती कुजबुज, हजारो बदकं एकाच वेळी काहीतरी किरकोळ बोलत असल्यासारखी. आईने दिलेली बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत फडक्यातच गार झालेलं असे. काठावरच्या बाभळीखाली बसून ते खाताना जी चव लागे ती पुढे मला कुठल्याच भाकरीत सापडली नाही. आता वाटतं, चव भाकरीची नव्हती, वयाची होती. असो.

आता त्या मुक्या कॅमेऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण या प्रकरणात मी जे मांडायला बसले आहे ते सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं. त्या काळी रोल म्हणजे जपून वापरायची वस्तू. छत्तीस फोटो झाले की खेळ खलास. आणि आम्ही गावात कॅमेरा काढला की पोरंटोरं गोळा व्हायची, "आमचा काढा, आमचा काढा." नाही म्हटलं की ती मागे लागायची, आरडाओरडा करायची आणि पाखरं उठायची. यावर आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनी एक तोडगा काढला होता. अण्णांकडे एक जुना, चालू असूनही वापरात नसलेला कॅमेरा होता. त्यात रोल घातलेला नसायचा. पोरांना ओळीने उभं करायचं, "हलू नका" म्हणायचं आणि बटण दाबायचं. खटका वाजायचा, पोरं खूश होऊन पळायची. अण्णा त्याला 'मुका' म्हणायचे. घरातून निघताना विचारायचे, "बेबी, मुका घेतलास का?" आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची की गल्लीत लोक ऐकतात, जरा हळू बोला. आम्हाला त्यात लबाडी वाटत नव्हती. पोरांना फोटो नकोच असतो, काढून घेण्याची मजा हवी असते, असं अण्णा सांगत आणि मला ते पटत असे. ती पोरं पुढच्या आठवड्यात 'कुठंय फोटो' म्हणून विचारत, तेव्हा "धुवायला टाकलाय" असं मी हसत हसत सांगायची. तीन हिवाळे मी हे सांगितलं.

पाखरांची खरी ओळख मला करून दिली ती कडूबाईने. मुलं जगत नसली की मागून झालेल्याचं नाव असं कडू ठेवायचं, दृष्ट लागू नये म्हणून, तशी ती कडूबाई. तिशीची असेल. तिचा नवरा सोपान पाण्यात जाळी टाकायचा आणि पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात ती काकडी, वांगी, मेथी लावायची. कडेवर तान्ही मंगी. अण्णा तिला 'कडूबाई' म्हणत, मी 'मावशी'. पहिल्या वर्षी ती आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तशी बघायची. दुसऱ्या वर्षी तिने स्वतःहून सांगितलं की आम्ही चुकीच्या जागी बसतोय.

"तिकडं वारा पाठीशी घेऊन बसता तुमी. त्यास्नी वास लागतो का नाय? हितं बसा, या लव्हाळ्याच्या ताटव्याच्या आड."

बसलो. त्या दिवशी अण्णांना चक्रवाकांचा जो फोटो मिळाला तो त्यांनी मरेपर्यंत पाकिटात ठेवला. कडूबाई चक्रवाकांना 'भगवे' म्हणायची, तलवार बदकाला 'सुई', आणि रुंद चोचीच्या थापट्याला तिने जे नाव ठेवलं होतं ते तिच्या सासूच्या नाकावरून होतं, म्हणून इथे लिहीत नाही. पण तिची खरी करामत डोळ्यांची नव्हती, कानांची होती. गाळात खाली वाकून मेथी खुडत असायची, डोक्यावरून थवा जायचा, आणि वर न बघता ती सांगायची, "सुया गेल्या." मी लेन्स लावून बघायची, तर खरंच तलवार बदकं. "आता भगवे." चक्रवाकच. मी एकदा विचारलं, मावशी, तुला कसं कळतं? ती म्हणाली, "पंखाचा आवाज येगळा नसतो व्हय? तुझ्या त्या पेटीचा बी येगळा हे. अण्णांचं बोट लय हळू पडतं, तुझं टचकन." मला तेव्हा हसू आलं होतं. आज ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी अण्णांना खोकल्याने धरलं. डॉक्टरांनी आठवडाभर बाहेर पडू नका म्हणून सांगितलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात होते आणि शहरातल्या एका प्रदर्शनासाठी फोटो पाठवायची मुदत जवळ आली होती. मला क्रौंच हवे होते. ते त्या दिवसांत नुकतेच आले होते, सकाळी बंधाऱ्याजवळच्या गाळाच्या पट्ट्यावर उतरायचे, ऊन वर आलं की हरभऱ्याच्या शेतांकडे निघून जायचे. अण्णांनी अंथरुणातूनच मला चांगला कॅमेरा आणि लेन्स दिली आणि एक रोल. एकच, कारण संक्रांत सरली की लग्नं सुरू होणार होती आणि बाकीचे रोल त्यासाठी राखलेले. "मोजून वापर," एवढंच म्हणाले. आईने संक्रांतीच्या सकाळी तरणीताठी पोर एकटी नदीवर जाते म्हणून भांडं आपटलं. पण डबा भरून दिला आणि दुपारी बायका हळदीकुंकवाला येणार, त्याआधी घरी आलीस तर आलीस असं बजावलं. गळ्यात दोन कॅमेरे अडकवून मी निघाले. एक बोलका, एक मुका.

धुकं दाट होतं. मी कडूबाईने दाखवलेल्या ताटव्याच्या आड बसले. क्रौंच आले होते. दिसत नव्हते, पण त्यांचा तो घशातला कर्रकर्र आवाज येत होता. घाई करायची नाही हे माहीत असूनही मी घाई केली. धुक्यातच फोटो काढत सुटले. करडं धुकं आणि त्यात करड्या काड्या, असले फोटो. भानावर येऊन कॅमेऱ्यावरचा फोटोंचा आकडा बघितला तर बत्तीस. चार उरले होते. मी कॅमेरा खाली ठेवला आणि स्वतःला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. तेवढ्यात मागून बांगड्या वाजल्या.

कडूबाई होती. मी तिला कायम गुडघ्यापर्यंत चिखलात पाहिलेलं. आज ती काळी चंद्रकळा नेसून आली होती, लाल काठाची. कपाळावर कोरं कुंकू, नाकात नथ. मंगीलाही तेल लावून घट्ट दोन बो बांधले होते, पोरगी कडेवर ताठ बसली होती. कडूबाईने कागदाची पुडी उघडून माझ्या तळहातावर तिळगूळ ठेवला. गूळ हाताला चिकटला. "घे ताई. गोड बोल."

मी तो तोंडात टाकला. मग पदर इकडून तिकडे करत ती म्हणाली, "ताई, माझा एक काढ ना. तीन साल बघते, समद्या पाखरांचा काढती. आज लुगडं बी बरं हे. मंगीला बी घेते."

आजवर तिने काही मागितलं नव्हतं. मेथीच्या जुड्या द्यायची, जागा दाखवायची, एकदा अण्णांचा पाय गाळात रुतला तेव्हा ओढून काढलं होतं. चारांतला एक. मला एक काढायचा होता. पण धुकं हळूहळू वर उचलत होतं, गाळाच्या पट्ट्यावर पहिले पाय दिसायला लागले होते, आणि माझं सगळं चित्त तिकडे होतं. मी हिशेब केला तो एवढाच. चार म्हणजे चार संधी. मी मुका उचलला.

"ये ना मावशी. इथे उभी राहा. अशी. मान जरा वर. मंगी, इकडे बघ, चिमणी बघ, चिमणी." मी किती गोड बोलले हे मला शब्दन् शब्द आठवतंय. कडूबाईने मंगीच्या डोळ्यांवरचे केस मागे सारले. श्वास धरून उभी राहिली. मी बटण दाबलं.

"छान आलाय," मी म्हणाले. "पुढच्या खेपेला आणते."

ती हलली नाही. मान किंचित तिरकी करून, डोक्यावरून थवा गेला की करायची तशी, तिने विचारलं, "आज लय पोकळ वाजला गं?"

"थंडीने," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं.  मग "आस्सं" म्हणाली, पुडीतला अजून एक तिळगूळ माझ्या हातावर ठेवला आणि मंगीला दुसऱ्या कडेवर घेऊन बांधावरून निघाली. तिला कळलं होतं. हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगायचं टाळलं, आता सत्तरीच्या उंबऱ्यावर टाळण्यात अर्थ नाही. जिला न बघता सुई आणि भगवा ओळखू यायचा, जिला माझं बोट आणि अण्णांचं बोट वेगळं ऐकू यायचं, तिला रिकाम्या डब्याचा आवाज कळला नसेल काय?

पुढचं मिनिटभरात झालं. धुक्यातून ऊन फुटलं. पट्ट्यावर क्रौंच उभे, मी लेन्स लावली. आणि कॅमेऱ्याच्या खिडकीत उजव्या कडेला काळी चंद्रकळा शिरली. बांधावरून घरी चालली होती ती, पोरीला घेऊन, पाठीवर ऊन. मी लेन्स वीतभर डावीकडे सरकवली. तिला काढून टाकलं. तिच्या चाहुलीने क्रौंच उठले आणि मी टचकन दाबलं, एक, दोन, तीन, चार.

तोच फोटो. अकरा क्रौंच एकदम उठतायत, माना लांब, सगळे डाव्या अंगाला झुकलेले, शेवटच्या एकाचा पाय अजून पाण्यात. अण्णांनी तो मोरीत मोठा केला तेव्हा ट्रेमध्ये उमटताना आम्ही दोघं श्वास धरून बघत होतो. आईसुद्धा त्या दिवशी पाण्यावरून बोलली नाही. अण्णा बराच वेळ ओला कागद चिमट्यात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "सगळे डावीकडेच का गेले? उजवीकडे कोण होतं?"

"कुत्रं असेल," मी म्हणाले.

फोटोला प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला. दुकानाच्या दर्शनी काचेत हंसांच्या पडद्याचा नमुना काढून तो लावला. लग्नाचं ठरवायला येणारे लोक थांबून बघत. त्या गडबडीत मी नांदूरला गेले नाही. माघात लग्नं सुरू झाली होती, अण्णांना माझी गरज होती, अशी कारणं तयार होती. खरं कारण हे की मला कडूबाईला 'धुवायला टाकलाय' म्हणून सांगायचं नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात चांगला काढून देऊ, मोठा करून, चौकटीत बसवून, असं मी ठरवलं होतं. अगदी मनापासून ठरवलं होतं.

फाल्गुनात एका दुपारी सोपान दुकानात आला. डोक्याचे केस नुकते उगवायला लागले होते. हातात हरभऱ्याच्या डहाळ्यांची पेंडी होती, ती त्याने काउंटरवर ठेवली. अण्णांना म्हणाला, "गेली ती. ताप आला, चार दिसांत गेली. दवाखान्यात नेली व्हती निफाडला." अण्णा उठून बाहेर आले, त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. तो पाणी प्यायला आणि मग माझ्याकडे वळला. "ताई, संक्रांतीला तुमी तिचा फोटू काढला ना? ती लय खूश व्हती. म्हनायची, ताईनं काढलाय, ताई आनून देईल. दुसरा फोटू नाय आमच्यात तिचा. लग्नातला बी नाय. मंगी बारकी हे, उद्याच्याला इचारंल आई कशी व्हती, तर काय दाखवू तिला?"

म्हणजे तिने नवऱ्याला पोकळ आवाजाचं काही सांगितलं नव्हतं. माझी लाज तिने झाकून ठेवली होती.

अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं. मला त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. मोठा गुन्हा नव्हता, एकोणीस वर्षांच्या पोरीचा हलकटपणा होता, सोपानने मला एखादी शिवी दिली असती आणि मी ती घेतली असती. पण आमच्या धंद्यात एक तयार वाक्य होतं, गिऱ्हाइकाचा फोटो बिघडला की वापरायचं. तेच माझ्या तोंडून आलं. "रोलमध्ये उजेड गेला, दादा. तेवढाच जळला."

तो मागे वळला. दर्शनी काचेतल्या फोटोकडे बघत राहिला. "हा त्याच दिवसाचा?" हो म्हणाले. त्याला ती जागा ओळखू आली होती, ताटवा, पट्टा, पाणी. मला काहीतरी द्यायचं होतं, काहीही, म्हणून मी आतून त्याच फोटोची एक प्रत आणली आणि त्याच्यापुढे काउंटरवर ठेवली. तो वाकून वाकून बघायला लागला. "ह्याच्यात कुठं हे ती?"

मी बोट ठेवलं. फोटोवर नाही, फोटोच्या उजव्या कडेपलीकडे, काउंटरच्या काचेवर. "इथे. बांधावर होती, मंगीला घेऊन. थोडी बाहेर राहिली." त्या दुपारी मी बोललेलं एवढं एकच खरं होतं.

"हितं?" त्याने विचारलं आणि माझं बोट उचलल्यावर त्याच जागी आपला अंगठा टेकवला.

तो गेल्यावर अण्णा मला रागावले नाहीत. त्यांनी मुका खालच्या कपाटातून काढला, फडक्याने पुसला, म्हणाले, "हे मीच शिकवलं तुला," आणि मोरीत जाऊन दार लावून घेतलं. पुढच्या रविवारी लग्नाची ऑर्डर सोडून ते नांदूरला गेले. मुक्यात रोल घालून नेला होता. वस्तीतल्या प्रत्येक पोराचा, म्हाताऱ्याचा, बाईचा फोटो काढला आणि चार दिवसांनी नेऊन वाटले. मंगीचाही. मला म्हणाले, चल. मी गेले नाही. नंतरही गेले नाही. लांब लेन्स अण्णांनी कधीतरी देऊन टाकली. अण्णांच्या मागे दुकान मी चालवलं आणि आयुष्यभर पासपोर्ट फोटो काढले. सरळ बघा, हनुवटी वर, हसू नका. नाशकातले किती चेहरे माझ्या हातून गेले असतील. एकही खटका मी पुन्हा रिकामा वाजवला नाही. त्याने काय होतंय म्हणा.

गेल्या हिवाळ्यात मुलाने हट्टाने मला नांदूरला नेलं. त्याला माझ्या गुडघ्यांची काळजी, म्हणून गाडी थेट काठापर्यंत. आता तिथे मनोरे आहेत, पाट्या आहेत, तोफांएवढ्या लेन्स घेऊन लोक ओळीने बसलेले असतात आणि एका मिनिटात शंभर फोटो काढून नव्व्याण्णव पुसून टाकतात. मी त्यांच्याकडे बघत बसले. पाखरांची कुजबुज तीच होती. दुपारी मुलाने एका झापाखाली जेवायला नेलं, चुलीवरची बाजरीची भाकरी, ठेचा, पिठलं. भाकऱ्या थापणारी बाई पन्नाशीच्या पुढची असेल. मी हात धुवायला विचारलं तर म्हणाली, "मावशी, आत या, घरात मोरी हे. बाहेर लय चिखल."

आत गेले. भिंतीवर काचेत क्रौंच होते. अकरा. कडा पिवळ्या पडलेल्या, शेवटच्याचा पाय पाण्यात. हार होता, पण तो चौकटीवर घातलेला नव्हता. चौकटीच्या उजवीकडे भिंतीत वेगळा खिळा ठोकून त्यावर अडकवला होता आणि त्याच्याखाली नुसत्या चुन्यावर कुंकवाचा टिळा होता. वर्षानुवर्षं एकाच जागी लावून तिथलं कुंकू भाकरीच्या पापुद्र्याएवढं जाड झालं होतं.

ती पाठोपाठ हात पुसत आली. मी बघतेय हे बघून म्हणाली, "आमची आई हे ती. फोटूत नाय, त्याच्या जरा भाईर हे. बाप दाखवून गेला, हितं उभी व्हती म्हने. मी बी हे तिच्या कडंवर."

मी म्हणाले, "मंगी." मग सांगितलं की हा फोटो माझा, मीच काढलेला.

तिने माझे दोन्ही हात धरले. तिच्या हातांना पीठ होतं. "म्हंजे तुमी त्या ताई? मग तुमी तर पाह्यलंय तिला. समोरून पाह्यलंय. सांगा ना मावशी, कशी व्हती दिसायला?"

मी डोळे मिटले. त्या अकराही क्रौंचांच्या माना मी आजही कागदावर काढून दाखवीन, कोणाचा पंख कुठे होता ते सांगेन. चंद्रकळेचा लाल काठ दिसला, नखात अडकलेला तीळ दिसला, नथ दिसली, मंगीचे बो दिसले. पोकळ वाजला गं, ऐकू आलं. आणि जिथे तोंड असायला हवं तिथे काही नव्हतं. मुक्या कॅमेऱ्यातून मी तिच्याकडे पाहत होते, पण बघत होते डावीकडच्या पट्ट्याकडे. फोटो तर काढला नव्हताच, धड पाहिलंसुद्धा नव्हतं.

"माझ्यावानी व्हती का?" मंगीने विचारलं.

आता तरी खरं सांगायचं, असं मनाशी म्हणत होते. तोंडापर्यंत आलं होतं.

"हो," मी म्हणाले. "हुबेहूब तुझ्यासारखी."

 दाराशेजारच्या मेढीला एक लहानसा आरसा टांगलेला होता. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली, पिठाच्या हाताने पदर डोक्यावरून नीट घेतला, मान जरा वर केली. बाहेरून कोणीतरी भाकरी मागितली, पण ती हलली नाही.